"त्यांच्यात असंच असतं" हे वाक्य कानावर आलं की: कोकणातल्या मुलांसोबत पूर्वग्रहावर काम कसं करावं

"आमच्या गावात तसलं काही नाही." कोकणात कुठल्याही वाडीत जा, हे सांगणारा माणूस भेटतोच. तो बहुतेक वेळा मनापासून बोलत असतो. पण त्याच घरातल्या बारा वर्षांच्या मुलीला विचारा. कुठल्या वाडीत पाणी मागायचं आणि कुठल्या वाडीत तहान लागली तरी गप्प बसायचं, ईदला मोहल्ल्यातल्या मैत्रिणीकडे शिरखुर्मा खाल्ला तर आजीला सांगायचं की नाही, आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कुटुंबातल्या मुलाला खेळायला घ्यायचं की नाही, हे सगळं तिला ठाऊक असतं. तिला कोणी समोर बसवून ते शिकवलेलं नसतं. मोठ्यांचे चेहरे वाचून ती शिकलेली असते.

साधारण दहा ते अठरा वयाच्या मुलांमध्ये वावरणाऱ्यांसाठी हा लेख आहे: शिक्षक, वाचनालय चालवणारे, मंडळाचे कार्यकर्ते, पालक. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीपट्ट्यात मुलांबरोबर हे काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. "सगळे समान" असं मुलांना सांगून काहीही हलत नाही. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" हे ती रोज सकाळी प्रतिज्ञेत म्हणतातच. त्यांना दोन गोष्टींची गरज असते. ऐकलेली गोष्ट कुठून आली हे तपासायची सवय, आणि प्रसंग समोर उभा राहील तेव्हा तोंडात तयार असलेलं वाक्य. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठी आहेत.

पायरी पहिली: आठवडाभर फक्त ऐका

मुलांना बोलवण्याआधी एक वही घ्या आणि आजूबाजूला बोललं जातं ते जसंच्या तसं लिहा. "आपल्यातली आहे का?" "नाव कळलं, आडनाव काय?" "तुमचं काय बाबा, तुम्हाला सवलत." "भय्ये आले आणि गाव बिघडलं." "मोहल्ल्यातला आहे, जपून." वाक्य, ते कुठे बोललं गेलं, आणि तिथे मूल होतं का, इतकंच लिहा. बोलणाऱ्याचं नाव नको.

वस्तूही लिहा. पडवीच्या कोपऱ्यात, वाशाच्या खाली, कान तुटलेला एक कप उपडा घातलेला असतो. कामाला आलेल्या गड्याला चहा त्यातूनच मिळतो. चहा प्यायल्यावर तो स्वतः कप विसळतो आणि परत तिथेच उपडा घालतो. घरातलं पोर हे रोज बघतं. असा कप तुमच्या घरात असेल तर आधी तो काढा. तो असताना तुम्ही मुलांशी काहीही बोललात तरी ऐकून घेतलं जाईल, पटणार नाही.

पायरी दुसरी: जागा आणि गट

बारा ते पंधरा मुलं पुरेत. जास्त झाली की बोलकी चौघं बोलतात आणि बाकीची बघत बसतात. मुलं किमान तीन वाड्यांतली असावीत, मुली निम्म्या असाव्यात. जागा सगळ्यांना सारखी हवी. देवळाचा सभामंडप नको, कोणाच्या घरचं खळंही नको. शाळेचा व्हरांडा, वाचनालय किंवा किनाऱ्यावरची सावली चालेल.

पहिल्या दिवशी तीन नियम सांगा. इथे ऐकलेलं कोणाचं नाव घेऊन बाहेर सांगायचं नाही. कोणालाही स्वतःची जात किंवा धर्म सांगायची सक्ती नाही. आणि कोणीही आपल्या पूर्ण समाजाच्या वतीने उत्तर द्यायला बांधील नाही. तिसरा नियम फार महत्त्वाचा आहे. गटात एकच मुसलमान मुलगी असेल तर प्रत्येक वेळी सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळतात, "तुमच्यात काय असतं गं?" असं विचारलं जातं आणि ती हळूहळू यायची बंद होते.

पायरी तिसरी: एक वाक्य घ्या आणि त्याचं मूळ शोधा

तुमच्या वहीतलं एक वाक्य फळ्यावर लिहा. उदाहरणार्थ: "कातकऱ्यांना शिक्षणाची आवडच नाही." हे वाक्य मी रायगड-रत्नागिरीत शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं आहे. मग चार प्रश्न विचारा आणि उत्तरं मुलांकडूनच येऊ द्या.

हे कोणी सांगितलं? स्वतः किती जणांना ओळखतोस, नावानिशी? जे दिसतं त्याला दुसरं कारण असू शकतं का? आपल्यातल्या कोणी हेच केलं तर आपण काय म्हणतो?

तिसऱ्या प्रश्नावर थांबा. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक आहे. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. बहुतेक कुटुंबांकडे स्वतःची जमीन नाही. पावसाळा संपला की अनेक घरं मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. वाडीत मागे सांभाळायला कोणी नसतं म्हणून मूल बरोबर जातं. शाळेचं अर्ध्याहून अधिक वर्ष तिथेच निघून जातं. परत आल्यावर गणिताच्या तासाला त्याला काही कळत नाही, बाकीची हसतात, ते मागच्या बाकावर जातं आणि मग येतच नाही. आता मुलांना विचारा, इथे "आवड" नक्की कुठे आली? दिसलं ते खरं होतं, पण आपण कारण माणसाच्या स्वभावात शोधलं आणि खरं कारण त्याच्या परिस्थितीत होतं. पूर्वग्रहाची ही सगळ्यात नेहमीची रीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना ती एकदा दिसली की पुढची उदाहरणं ती स्वतः आणतात.

याच सत्रात एक छोटा खेळ घ्या. मुलांना आत येताना डोळे मिटून चिठ्ठ्या काढू दे, निम्म्या निळ्या, निम्म्या पिवळ्या. प्रत्येकाने कागदावर लिहायचं: दहा लाडू आहेत, एक निळा आणि एक पिवळा अशा दोन अनोळखी मुलांत कसे वाटशील? स्वतःला एकही मिळणार नाही. बरीच मुलं आपल्या रंगाकडे झुकतात. मग त्यांना हेन्री ताजफेल यांच्याबद्दल सांगा. पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू मानसशास्त्रज्ञ. नाझींच्या नरसंहारात त्यांच्या घरचे मारले गेले. माणसं "आपले" आणि "परके" अशी फाळणी किती थोडक्यावर करतात, हा प्रश्न त्यांनी १९७० च्या सुमारास इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसोबत तपासला. पडद्यावर ठिपके किती दिसले याच्या अंदाजावरून गट पाडले असं मुलांना सांगितलं; खरं तर गट कसेही पाडले होते. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. गटांत जुनं भांडण नव्हतं, आणि आपल्या गटात कोण कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट मात्र करू नका. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने डोळ्यांच्या रंगावरून वर्गाची विभागणी केली आणि दोन्ही गटांना आळीपाळीने कमी लेखलं. तो प्रयोग जगभर गाजला आणि आपल्याकडेही शिबिरांत त्याची नक्कल होते. ज्या मुलाला अपमान म्हणजे काय हे घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर रोज कळतं, त्याला तो खेळ म्हणून पुन्हा भोगायला लावणं मला पटत नाही. चिठ्ठ्यांचा खेळ पाच मिनिटांत संपवा आणि लाडू सगळ्यांना सारखे वाटा.

पायरी चौथी: गावाचा नकाशा

सगळ्या कामाचा कणा हाच आहे. याला दोन-तीन बैठका द्या, घाई करू नका.

मोठ्या कागदावर मुलांना गाव काढायला सांगा: वाड्या, रस्ते, विहिरी, देऊळ, मशीद, विहार, शाळा, दुकान, जेटी, स्मशान, कब्रस्तान, क्रिकेटचं मैदान. मग प्रत्यक्ष फिरून या आणि नकाशावर प्रश्नांची उत्तरं भरा. डांबरी रस्ता कुठे संपतो? नळाला पाणी आधी कुठे येतं? उन्हाळ्यात टँकर कुठे थांबतो? स्मशानं किती, आणि कोणाची? बसथांब्यावरच्या पाटीवर वाडीचं नाव काय? जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पाटी बदलली का, आणि बदलली असेल तर लोकांच्या तोंडी कुठलं नाव आहे, हे मुलांनी शोधावं.

शिमग्याबद्दल विचारा. ग्रामदेवतेची पालखी कोणाच्या अंगणात उतरते, खांद्यावर कोण घेतं, मान कोणाचा, ती कुठल्या वेशीवरून मागे फिरते? इथे तुम्ही मोठ्यांनी एक पथ्य पाळायचं आहे. पालखी आली नाही म्हणून ते घर दुःखी आहे, असं धरून चालू नका. बऱ्याच बौद्ध कुटुंबांनी ती रीत विचारपूर्वक मागे टाकली आहे, आणि त्यांना तुमची पालखी नव्हे, रस्ता आणि पाणी हवं असेल. त्यांनाच विचारा.

मोठ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मुलं नकाशावर आणतात. एका गटातल्या मुलाने मैदानाशेजारी खाडीत एक फुली मारली. कशाची, म्हणून विचारलं. चेंडू खाडीत गेला की तो काढायला कायम एकाच वाडीतल्या पोरांना उतरवतात, असं तो म्हणाला. चिखल आणि कालवं असतात, पाय कापतात. हा नियम कोणी केला नव्हता, पण सगळे तो पाळत होते. त्यानंतरच्या रविवारी ज्याने चेंडू मारला त्यानेच तो आणायचा, असं मुलांनी आपापसात ठरवलं. एवढासा बदल, पण तो त्यांचा होता.

नकाशा झाला की महाडची गोष्ट सांगा. जमलं तर एसटीने तिथे घेऊनच जा. कोकणातल्या मुलांना समतेचा इतिहास दूर कुठेतरी घडला असं वाटतं, आणि तो तर त्यांच्या दाराशी घडला आहे. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांच्या नावे ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याप्रमाणे चवदार तळं खुलं केलं. पण ते कागदावरच. तळ्यावर जायची हिंमत कोणाची नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या अफवेवर परिषदेला आलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालल्या. पुढे तळ्याचं "शुद्धीकरण" करण्यात आलं, खटला उभा राहिला, आणि तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत १९३७ साल उजाडलं.

या गोष्टीतून तीन प्रश्न मुलांसमोर ठेवा. नगरपालिकेचा निर्णय १९२४ चा, पाणी १९२७ चं. मधल्या तीन वर्षांत काय नव्हतं? अफवेने लाठ्या कशा बाहेर काढल्या? आणि सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंत चित्रे, गंगाधर सहस्रबुद्धे हे सवर्ण घरांतले लोक बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा त्यांना घरी-दारी काय ऐकावं लागलं असेल? तिसऱ्या प्रश्नावर मुलं खूप वेळ बोलतात, कारण "मी काय करू?" याचं उत्तर ती स्वतःसाठी शोधत असतात. दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून १९४७ मध्ये उपोषणाला बसले, हेही इथेच सांगा.

आणि एक वेगळी आठवणही सांगा. अलिबाग, रेवदंडा, नवगाव या भागात बेने इस्रायली ज्यू शेकडो वर्षं राहिले. ते तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ते घरात मराठी बोलत. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले. वेगळा धर्म आणि वेगळा सुट्टीचा वार घेऊनही माणसं या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेजारी म्हणून राहिली, हे मुलांना माहीत असायला हवं.

पायरी पाचवी: तोंडात वाक्य तयार हवं

पूर्वग्रहाचं वाक्य कानावर पडतं तेव्हा मुलाला ते चूक आहे हे बहुतेकदा कळतं. अडतं ते पुढे. काय बोलावं सुचत नाही, क्षण निघून जातो आणि मग ते हसण्यात सामील होतं. म्हणून कबड्डीची चढाई जशी रोज घोटतात तसा या वाक्यांचा सराव करायचा. जोड्या लावा, प्रसंग द्या, अदलाबदल करा. वाक्य छोटं हवं, आणि मुलाच्या स्वतःच्या बोलीत हवं.

मैदानावर कोणी कोणाला जातीच्या नावाने हाक मारली: "त्याला नाव आहे. नावाने हाक मार." इतकंच बोलायचं आणि खेळ पुढे सुरू ठेवायचा. भाषण दिलं की समोरचा हुज्जत घालतो.

घरात आजी म्हणाली, "त्यांच्या हातचं नको, त्यांच्यात स्वच्छता नसते." इथे आजीचा पाणउतारा करायचा नाही. "आजी, तू कधी गेलीस त्यांच्याकडे?" असं विचारायचं. सिंधुदुर्गातली मुलं फार गोड विचारतात, "आजी, तुका कोणी सांगल्यान?" खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारायचं आणि उत्तर ऐकून घ्यायचं. आजी एका दिवसात बदलणार नाही. पण नातवासमोर ते वाक्य पुन्हा बोलताना ती थबकते, आणि धाकट्या भावंडांना कळतं की या वाक्यावर प्रश्न विचारता येतो.

कोणी खोदून आडनाव विचारलं: "कशासाठी विचारताय, काकू?" चेहरा शांत, आवाज साधा. काकूंना कारण सांगावं लागतं, आणि ते सांगताना त्यांनाच अवघड होतं.

वर्गात कोणी म्हणालं, "तुला काय, सवलत आहे." ज्याला म्हटलं त्याने उत्तर द्यायची गरज नाही, शेजारच्याने द्यावं. "मार्क त्याचे आहेत, पेपर आपण एकच लिहिला." वाद पुढे गेला तर मुलांकडे माहिती हवी. मागास वर्गांसाठी विशेष तरतुदी करायला राज्यघटनेच्या कलम १५ आणि १६ मध्येच जागा आहे. आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल कुटुंबांनाही २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीनंतर दहा टक्के आरक्षण आहे. वर्गातल्या कितीतरी मुलांना दुसरी गोष्ट माहीत नसते.

जेटीवर कोणी खलाशाला "ए भय्या", "ए बहादूर" म्हणून हिडीसफिडीस करत असेल, समोर चार दांडगे पुरुष असतील, तर मुलाने समोर उभं राहू नये. हे ठासून सांगा. त्याऐवजी तीन गोष्टी करता येतात. विषय मोडता येतो: "दादा, तुम्हाला तांडेल बोलावतायत" (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख). ओळखीच्या मोठ्या माणसाला गाठता येतं. आणि सगळं शांत झाल्यावर त्या खलाशाकडे जाऊन "मी बघितलं, ते चुकीचं होतं" असं सांगता येतं. तिसरी गोष्ट मुलांना क्षुल्लक वाटते. ज्याचा अपमान झाला त्याला तसं वाटत नाही.

पायरी सहावी: ज्याला लागलं, त्याच्याकडे आधी

प्रसंग घडला की मोठ्यांचं सगळं लक्ष बोलणाऱ्याकडे जातं, त्याला रागावण्यात वेळ जातो, आणि ज्याला लागलं ते मूल कोपऱ्यात एकटं राहतं. क्रम उलटा करा.

काय बोलू नये ते आधी. "मनावर घेऊ नकोस." "त्याच्या मनात तसं नव्हतं." "आपण चांगलं वागून दाखवायचं." ही तिन्ही वाक्यं मायेने बोलली जातात, आणि तिन्हींनी ओझं पुन्हा त्याच मुलाच्या डोक्यावर जातं. शेवटचं तर फारच जड. बाकीच्या मुलांना चुका करायची मुभा, आणि याने मात्र अख्ख्या समाजाचं प्रगतिपुस्तक होऊन जगायचं.

असं बोला: "जे झालं ते चुकीचं होतं. तुझं काही चुकलं नाही. तुला आता काय व्हावंसं वाटतं?" मग थांबा. कधी मूल म्हणतं, त्याने माफी मागावी. कधी म्हणतं, बाईंना सांगू नका. सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर त्याच्या म्हणण्याप्रमाणे चाला.

काही मुलं बोलत नाहीत, पण वागण्यातून दिसतं. डबा एकटं खाणं, सहलीला नाही म्हणणं, ठरावीक वाराला पोटात दुखणं, इन्स्टाग्रामवर आडनाव काढून टाकणं, मैत्रिणींना घरी न बोलावणं. वसतिगृहात राहणारी एक कातकरी मुलगी रात्री दिवे गेल्यावर पुन्हा आंघोळ करायची. अंगाला वास येतो असं कोणीतरी एकदा बोललं होतं. तिला समजावण्यात अर्थ नव्हता, कारण गैरसमज तिचा नव्हताच. तिच्या खोलीतल्या मुलींशी बोलावं लागलं, आणि त्यानंतर त्यांतल्या दोघी तिच्याबरोबर जेवायला बसू लागल्या तेव्हा ती आंघोळ हळूहळू बंद झाली.

पायरी सातवी: जो बोलला, त्याच्याशी

चारचौघांत नको. बाजूला घ्या. "तू जातीयवादी आहेस" असं म्हटलं की मूल स्वतःच्या बचावाला उभं राहतं आणि संवाद तिथेच संपतो. कृतीबद्दल बोला: "तू तिला अमुक म्हणालास. ते ऐकून ती मधल्या सुट्टीत घरी गेली." हे वाक्य कुठे ऐकलंस ते विचारा. बहुतेकदा घर निघतं. बापसाला वाईट ठरवून पोराला आपल्या बाजूने ओढू नका, ते जमत नाही आणि योग्यही नाही. "घरी काय बोलायचं ते घरचे ठरवतील, तू काय बोलायचं ते तू ठरवशील" इतकं पुरे. मग भरपाई: माफी मागायला लावण्यापेक्षा काय केलं तर तिला बरं वाटेल, हे त्यालाच शोधू द्या.

पायरी आठवी: एकत्र काम, पण कसं

मुलांना नुसतं एकत्र आणलं की जवळीक होते, हा समज चुकीचा आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये चार अटी मांडल्या: कामात दर्जा सारखा, उद्दिष्ट एक, एकमेकांवाचून काम अडेल असं सहकार्य, आणि वरच्यांचा उघड पाठिंबा. गणपतीच्या सजावटीत एका वाडीची मुलं मखर करतात आणि दुसऱ्या वाडीची खुर्च्या उचलतात. एकत्र असूनही तिथे पहिलीच अट मोडते.

एलियट अरॉन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये यावर वर्गात चालणारी युक्ती काढली. तिथे गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गात तणाव होता. धड्याचे तुकडे केले, प्रत्येकाकडे एकच तुकडा दिला, आणि सगळ्यांचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होणार नाही अशी मांडणी केली.

आपल्याकडे मी ती मासळीवर करते. "बांगडा बोटीपासून ताटापर्यंत" हा विषय. पाच-पाच मुलांचे गट, प्रत्येकाला एक भाग: बोटीवरचं काम, बर्फ आणि डिझेलचा हिशेब, जेटीवरचा लिलाव, सुकं करणाऱ्या बायकांचं काम, बाजारपेठ आणि निर्यात. प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका माणसाला भेटून यायचं. भाग वाटताना चिठ्ठ्या काढा, म्हणजे खारवी किंवा दालदी अशा मासेमारी करणाऱ्या घरातल्या मुलाकडे हमखास बोटच येणार नाही आणि बागायतदाराच्या मुलीला नेपाळी खलाशाशी बोलायला जावं लागेल. ती बोलून आली की कळतं, बोटीवर स्वयंपाक कोण करतं, खलाशी किती दिवस समुद्रात असतात, घरी फोन कधी लावतात. तिसऱ्या पायरीतला "नावानिशी किती जणांना ओळखतोस?" हा प्रश्न इथे आपोआप सुटायला लागतो.

पायरी नववी: फोनवरचं

महाडची अफवा तोंडोतोंडी गेली. आता ती पाच मिनिटांत सगळ्या तालुक्यात जाते. मुलांना फॉरवर्डवर तीन गोष्टी बघायला शिकवा: तारीख आहे का, गाव कोणतं, आणि वाचल्यावर कोणत्या समाजाबद्दल राग यावा अशी त्याची मांडणी आहे. चित्र आधी कुठे आणि कधी आलं होतं हे शोधायची सोय फोनवरच असते, ती हातात देऊन दाखवा. घरच्या ग्रुपवर साधं लिहायचं, "काका, हा व्हिडिओ जुना आहे, दुसऱ्या राज्यातला आहे." मोठ्या मुलांना हेही सांगा की धर्म, जात, भाषा यांवरून समाजात वैर वाढवणारा मजकूर पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, आणि "मी फक्त पुढे पाठवलं" ही सबब पोलीस ठाण्यात टिकेल असं धरून चालू नये.

गोष्ट हाताबाहेर असेल तर

काही प्रसंग समजुतीचे नसतात. मारहाण, जातीवरून सार्वजनिक शिवीगाळ, पाण्याला किंवा पंगतीला मज्जाव, कुटुंबाला वाळीत टाकणं. अशा वेळी "गावकीत मिटवू" हा दबाव येतो. तो मान्य करू नका.

आधी लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होतं. स्क्रीनशॉट तारखेसह जपा. शाळेतलं असेल तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. अस्पृश्यता घटनेच्या कलम १७ ने संपवलेली आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांसमोर जातीवरून शिवीगाळ करणं किंवा अपमानित करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी हवी असं म्हणून पोलिसांना तुम्हाला परत पाठवता येत नाही. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रायगड-रत्नागिरीतल्या प्रकरणांमुळे या कायद्याची मागणी जोरात पुढे आली होती, हे इथल्या मुलांना कळू दे. मुलांसाठी १०९८, तातडीच्या वेळी ११२, आणि अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हे क्रमांक वर्गात भिंतीवर लिहून ठेवा. मुलाचं नाव आणि फोटो कुठल्याही ग्रुपवर जाणार नाही याची काळजी तुम्ही घ्यायची आहे.

पालक आले तर

नकाशाच्या बैठकीनंतर बहुधा कोणाचे तरी वडील येतात. "बाई, हे जुनं कशाला उकरताय? आम्हाला याच गावात राहायचं आहे." ही भीती खरी आहे. ज्याचा बोटीचा डिझेलचा उधार, बागेची वाट आणि मुलीचं लग्न सगळं त्याच चार घरांशी बांधलेलं आहे, त्याने ती बोलून दाखवली यात गैर काही नाही. मी त्यांना बसवते, चहा देते आणि नेमकं काय करतो ते सांगते: मुलं गावच्या बैठकीत उभी राहून कोणाला जाब विचारणार नाहीत, कोणाचं नाव बाहेर जाणार नाही, आणि नकाशा गटाकडेच राहील. त्यांना एकदा येऊन मागे बसायचं आमंत्रण देते. काही येतात.

तरीही कोणी मुलाला काढून घेतलं तर भांडू नका. त्या मुलाला शाळेत भेटत राहा. त्याने शिमग्यात मानकऱ्यांसमोर बोलावं अशी अपेक्षा नाही. उद्या मधल्या सुट्टीत डबा घेऊन तो कोणाशेजारी बसतो, तिथून त्याला सुरुवात करता येते, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.